पट वीस, हजर सतरा

गोंदियाला माझी पुतणी दिली आहे. तिच्या सासरी धानाची गिरणी आहे. व्याह्यांच्या वडिलांचा स्मृतिदिन सप्टेंबरच्या अखेरीस येतो आणि त्या दिवशी एखाद्या खेड्यातील जिल्हा परिषद शाळेत दप्तरे व वह्या वाटण्याचा त्या घराचा परिपाठ आहे. गेल्या खेपेस शाळा निवडली होती ती अर्जुनी मोरगाव तालुक्यातील, नवेगावबांधच्या पलीकडची. मी २०१९ मध्ये बँकेतून निवृत्त झालो. नोकरीची शेवटची वर्षे त्याच भागातील एका शाखेत गेली होती. त्यामुळे व्याही म्हणाले, ‘‘वाट तुमच्या ओळखीची आहे, तुम्हीच चला.’’ गाडीत पंचवीस दप्तरे रचली आणि आम्ही सकाळी सातलाच निघालो.

गोंदियाहून गोरेगाव, तेथून राष्ट्रीय महामार्गावरील कोहमारा आणि पुढे दक्षिणेला नवेगावबांध, असा हा रस्ता. सप्टेंबर सरताना हा प्रदेश पाहावा. पावसाने धुतलेल्या बांध्यांमध्ये धान पोटरीला आलेले असते. हलके धान तर पिवळे पडू लागते. दर दोन-तीन मैलांवर एखादा तलाव किंवा बोडी काठोकाठ भरलेली दिसते. शेकडो वर्षांपूर्वी कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांनी भंडारा आणि गोंदिया या दोन जिल्ह्यांना धान दिले. नवेगावचा विस्तीर्ण जलाशय त्यातलाच. मारुती चितमपल्ली यांच्यासारखा वनाधिकारी लेखक येथे राहून गेला, म्हणून मराठी वाचकाला हे नाव परके नाही. नवेगाव आणि नागझिरा मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. कोहमाऱ्यानंतर रस्त्याच्या दोन्ही अंगांना जंगल येते ते याच प्रकल्पाच्या आसपासचे.

१ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा कागदावर फार चांगला दिसतो. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १३ लाख २२ हजारांवर, त्यातील सुमारे ८३ टक्के खेड्यांत. हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया, तेव्हा राज्याचा आकडा ९२९ होता. साक्षरता सुमारे ८५ टक्के, म्हणजे राज्याच्या ८२ टक्क्यांहून वरचढ. हे आकडे मी व्याह्यांना अभिमानाने सांगत होतो. ते हसून म्हणाले, ‘‘साहेब, अजून बँकेतच आहात.’’

शाळा गावाच्या टोकाला, चिंचेच्या झाडाखाली. दोन खोल्या, पुढे ओसरी, बाजूला स्वयंपाकाची लहान खोली. गावाचे नाव मी मुद्दाम देत नाही. या जिल्ह्यात आणि राज्यातही अशा शाळा पुष्कळ आहेत, तेव्हा कोणतेही नाव चालेल. ओसरीच्या भिंतीवर काळ्या रंगाचा चौकोन होता. त्यावर खडूने लिहिले होते: मुले ९, मुली ११, एकूण पट २०, आज हजर १७.

आम्ही आणलेली दप्तरे पंचवीस. व्याही माझ्या कानाशी कुजबुजले, ‘‘आठ उरतील.’’ गुरुजींच्या कानावर ते गेले असावे. ते म्हणाले, ‘‘पाच उरतील, साहेब. तीन गैरहजर आहेत, नाहीत असे नाही.’’ मग त्यांनी हजेरीपट न उघडता सांगितले, की एकीला दोन दिवस ताप आहे आणि दोघे बहीणभाऊ आईबापांबरोबर आजोळी हलक्या धानाच्या कापणीला गेले आहेत. दसऱ्याला येतील.

शाळेत दोन शिक्षक. एक हे गुरुजी, त्यांच्याकडेच मुख्याध्यापकाचा कारभार. दुसऱ्या मॅडम, त्या सडक अर्जुनीकडून दुचाकीवर येतात. पहिलीत चार, दुसरीत सहा, तिसरीत पाच, चौथीत पाच. एका खोलीत पहिली-दुसरी आणि दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी बसते. वीसपैकी नऊ मुले गोंड व हलबा, तीन अनुसूचित जातींतील, दोन धीवरांची, बाकीची सहा कुणबी व कोहळी घरांतील. गावात ज्यांची बांधी मोठी, ज्यांचे किराणा दुकान, ज्यांच्या घरी पगार येतो, त्यांची मुले सकाळी पिवळ्या गाडीने इंग्रजी शाळेला जातात. गुरुजी हे तक्रारीच्या सुरात सांगत नव्हते. पण हिशेबाची सवय असलेल्या माणसाला त्यातली गोम लगेच कळते. चांगली खाती दुसऱ्या बँकेत गेल्यावर उरलेल्या खात्यांवरून शाखेची गुणवत्ता ठरवावी, तसे हे आहे. येथे जी मुले उरली, त्यांना जाण्यासाठी दुसरी शाळाच नव्हती. या शाळेची तुलना त्या पिवळ्या गाडीच्या शाळेशी करणे म्हणजे दोन वेगळ्या भांडवलांची तुलना करणे.

आम्हाला बसवून गुरुजींनी चौथीच्या मुलांना वाचायला लावले. ‘असर’ नावाचे सर्वेक्षण देशभर खेड्यांत २००५ पासून होते. त्याची रीत साधी आहे. आधी अक्षरे, मग शब्द, मग लहान परिच्छेद आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट मुलाने वाचायची. गणितात अंक ओळख, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे. गुरुजी महिन्यातून एकदा तीच रीत वापरतात. पाचपैकी चौघांनी गोष्ट अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचली. पाचवा मुलगा शब्दांपर्यंत येऊन थांबला.

मी मनात म्हटले, ८० टक्के. गुरुजींनी माझा चेहरा ओळखला. ते म्हणाले, ‘‘पुढच्या वर्षी चौथीत यांच्यातले कोणी नसेल. आज तिसरीत पाच आहेत, पण त्यातले दोघे भाऊ मामाकडे नागपूरला जाणार आहेत. उरतील तीन. त्यातल्या एकाला वाचता आले नाही, तर ६७ टक्के. कागद म्हणेल, शाळेचा दर्जा एका वर्षात तेरा टक्क्यांनी घसरला. दोन्ही वर्षी न वाचणारे पोर मात्र एकच.’’

एम.कॉम.ला मला संख्याशास्त्राचा एक पेपर होता. लहान नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, हे वाक्य मी परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. ते समजले मात्र या ओसरीवर. मोठ्या शाळेत टक्केवारी काहीतरी सांगते, लहान शाळेत ती केवळ वरखाली होते. येथे हिशेब नावानिशीच ठेवावा लागतो. कोण वाचतो, कोण वाचत नाही आणि न वाचणाऱ्याचे कारण काय?

पाचव्या मुलाचे कारण मॅडमनी भिंतीवर दाखवले. तेथे तीन रकाने आखले होते: गोंडी, झाडी आणि पुस्तकातली मराठी. पहिल्या ओळीत ‘येर’, ‘पानी’, ‘पाणी’. त्या मुलाच्या घरी आजी गोंडी बोलते, गल्लीत झाडीबोली आणि बालभारतीच्या पुस्तकात पुण्याची मराठी. सहा वर्षांचे मूल शाळेत आले, की त्याला अक्षर आणि भाषा दोन्ही एकदम शिकावे लागतात. शहरातील मुलाला ‘पाणी’ हा शब्द केवळ वाचायचा असतो. याला तो आधी मिळवावा लागतो. मॅडम म्हणाल्या, ‘‘उशीर झाला आहे, पण तो वाचेल. जूनमध्ये त्याला अक्षरेही येत नव्हती. हे कोणत्या रकान्यात लिहू?’’

शिवाय उपस्थितीवर धानाचे आणि जंगलाचे वेळापत्रक चालते. उन्हाळ्यामुळे विदर्भातील शाळा बाकीच्या राज्यापेक्षा उशिरा उघडतात. उघडतात न उघडतात तोच रोवणी येते. आई रोवणीला गेली, की मोठी बहीण धाकट्याला सांभाळायला घरी. दिवाळीनंतर धान घरात आले, की काही कुटुंबे मिरची तोडायला तेलंगणात जातात. मार्चमध्ये मोहफूल गळते आणि पहाटेपासून सारे घर जंगलात. मेमध्ये तेंदूपत्ता. वर्षभरात शाळेसाठी सलग उरतात ते फार थोडे आठवडे.

या मुलांना हिशेब येत नाही, असे मात्र कोणी म्हणू नये. व्याह्यांनी गमतीने त्या पाचव्या मुलाला विचारले, मोहफूल पस्तीस रुपये किलोने साडेतीन किलो दिले तर किती? तो क्षणभर छताकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘‘एकशे साडेबावीस. पन तो शेठ एकशे वीसच देते.’’ आम्ही दोघे व्यापाराच्या घरातले, एकमेकांकडे पाहून गप्प झालो. हीच आकडेमोड पाटीवर उभी मांडून दिली, तर त्याला जमली नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २०२५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आला आहे. त्यांनाही हेच आढळले, की बाजारातला हिशेब वहीवर उतरत नाही आणि शाळेतला हिशेब बाजारात चालत नाही. आपल्या घरांतील मुले दुकानाच्या गल्ल्यावर बसून शाळेचे गणित सोडवत मोठी झाली. त्यांच्यासाठी वही आणि बाजार वेगळे नव्हते. हा लाभ किती मोठा होता, ते त्या दिवशी ध्यानात आले.

दुपारी जेवणाची घंटा झाली. प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ. सतरा मुले, म्हणजे एक किलो सातशे ग्रॅम. व्याह्यांनी तांदूळ मुठीत घेऊन सवयीने पाहिला. मुले ओसरीवर ओळीने बसली. स्वयंपाक करणारी बाई वाढता वाढता माझ्यापुढे थांबली आणि म्हणाली, ‘‘मले वरखलं नाई का जी, साहेब? तुमी बँकेत होते नं.’’

मी ओळखले नव्हते. तिने सांगितले, तेव्हा आठवले.

२०१७ ची गोष्ट. सरकारने ठरवले होते, की शाळेतील गणवेशाचे दोन जोडांचे ४०० रुपये थेट विद्यार्थी आणि आई यांच्या संयुक्त खात्यात जमा करायचे. हेतू चांगला होता, मधली गळती थांबावी हा. पण चारशे रुपये मिळण्यासाठी खाते हवे आणि खाते उघडायला अनेक ठिकाणी पाचशे रुपये मागितले जात होते. शून्य शिलकीचे खाते नियमात बसत होते. जनधन योजना २०१४ पासून होतीच. नियम आडवा नव्हता, आमचा कंटाळा आडवा होता. शाखेत माणसे तीन, समोर पीक कर्जाची रांग आणि त्यात शे-दोनशे आया मुलांचा हात धरून उभ्या. ‘‘पुढच्या आठवड्यात या’’, ‘‘फोटो दुसरा आणा’’, ‘‘आधारवरचे नाव जुळत नाही’’. हे मी सांगत होतो, माझे सहकारी सांगत होते. वरच्या कार्यालयातून प्रत्येक खात्यामागची सरासरी शिल्लक विचारली जायची. शून्य शिलकीची दोनशे खाती उघडली की ती सरासरी खाली येई. मी सरासरी सांभाळली.

‘‘चार चकरा झाल्या जी माह्या,’’ ती म्हणाली. ‘‘रोवनीचे दिवस होते. चार रोजी बुडाल्या. मंग मोठीचा गणवेश म्या उधारीनंच घेतलो.’’ तिच्या बोलण्यात राग नव्हता. वरण जास्त झाले का, हे विचारावे तशा आवाजात ती बोलत होती. चारशे रुपयांसाठी चार दिवसांची मजुरी गेली आणि चारशे रुपयेही मिळाले नाहीत. माझ्या खातेवहीत हा तोटा कोठेच लिहिला गेला नव्हता. मी तिची क्षमा मागितली. ती गोंधळली आणि म्हणाली, ‘‘जाऊ द्या जी, भात घ्या.’’

तिची ती मोठी मुलगी याच शाळेत चौथीपर्यंत शिकली. आता नववीत आहे. मानव विकास योजनेची मुलींसाठीची निळी बस तिला माध्यमिक शाळेत नेते. त्या घरात नववीपर्यंत पोचलेली ती पहिलीच. या शाळेच्या कोणत्याही निकालपत्रात ती नाही, कारण चौथी झाल्यावर शाळेचा तिच्याशी कागदोपत्री संबंध संपला. धाकटी मुलगी आज दुसरीत आहे. आणि त्या दिवशी गुरुजींच्या मनात जी काळजी होती, ती नेमकी या धाकटीची होती.

शाळेची संचमान्यता, म्हणजे शिक्षकांची संख्या, ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. पटावर धरायचे ते मूल आधारशी जुळलेले असावे लागते. प्रत्येक शाळेला अकरा अंकी यू-डायस क्रमांक असतो. त्यातील पहिले २७ महाराष्ट्राचे, पुढचे ११ गोंदियाचे. त्या क्रमांकाखाली या मुलीच्या नावापुढे ‘जुळत नाही’ असा शेरा होता. शाळेच्या दाखल्यावर एक जन्मवर्ष, आधारवर दुसरे आणि नावात एका वेलांटीचा फरक. मुलगी समोर बसून वरणभात खात होती, पण कागदावर ती नव्हती. तिला वगळले, की पट एकोणीस.

वीस हा आकडा हल्ली फार महत्त्वाचा झाला आहे. २०१७ च्या अखेरीस राज्याने दहाहून कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवण्याचा निर्णय जाहीर केला होता. २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळांच्या जागी समूह शाळा करण्याचा विचार पुढे आला. अशा शाळा राज्यात सुमारे पंधरा हजार. १५ मार्च २०२४ च्या शासननिर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले. गुरुजींचे म्हणणे इतकेच, की वीसच्या खाली गेलो तर मॅडम येथेच राहतील याची खात्री नाही.

समूह शाळेच्या बाजूनेही बोलण्यासारखे आहे. मोठी शाळा, प्रत्येक वर्गाला वेगळा शिक्षक, प्रयोगशाळा, ग्रंथालय, खेळाला सोबती. पाच मुलांच्या वर्गात स्पर्धा नसते, कबड्डीचा संघही होत नाही. मी आयुष्यभर शाखांच्या विलीनीकरणाचे समर्थन केले, त्यामुळे हा युक्तिवाद मला समजतो. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, पाचवीपर्यंतची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत असावी, असे मानले आहे, ते उगीच नाही. या गावाहून पुढची शाळा तीन किलोमीटरवर. मधला रस्ता जंगलाच्या कडेने, मध्ये नाला. पावसाळ्यात नाला भरतो आणि संध्याकाळी बिबट्याची भीती. वाहन मिळेल, असे सांगितले जाते. वाहन बंद पडले त्या दिवशी मुलगा कदाचित चालत जाईल, मुलगी घरी राहील. हजार पुरुषांमागे ९९९ स्त्रिया असलेल्या जिल्ह्याला हे शोभणारे नाही.

जेवणे झाल्यावर दप्तरे वाटली. फोटो झाला. व्याही परतीला निघणार तोच मी त्यांना म्हटले, की गाडी आधी अर्जुनीला नेऊ. आधार दुरुस्तीचे केंद्र तेथे आहे, मुलीला आणि तिच्या आईला घेऊन जाऊ. व्याह्यांनी घड्याळ पाहिले, गिरणीत गाड्या लागायच्या होत्या. मग त्यांनी मागच्या आसनावरची उरलेली पाच दप्तरे शाळेत ठेवायला सांगितली आणि जागा मोकळी केली.

केंद्रावर रांग होती. मी रांगेत उभा राहिलो. अडीच तासांत तीन वेळा यंत्रणा बंद पडली. खिडकीतल्या तरुणाने एकदा ‘‘उद्या या’’ म्हटले, तेव्हा त्या बाईने निमूट मुलीचा हात धरला आणि ती वळलीसुद्धा. तिचा तो वळण्याचा सराव पाहून मला जे वाटले, ते येथे लिहिता येत नाही. मी तिला थांबवले. त्या तरुणाला शांतपणे सांगितले, की मीही खिडकीच्या त्या बाजूला बसत असे. जन्माचा दाखला आणि शाळेचा दाखला दोन्ही आणले आहेत, आज होईल तर पाहा. सव्वापाच वाजता बोटांचे ठसे उमटले आणि पोचपावती हाती आली.

दहा दिवसांनी गुरुजींचा फोन आला. नाव जुळले होते. पट वीस धरला गेला. मी आनंद व्यक्त केला. ते थोडे थांबून म्हणाले, ‘‘साहेब, यंदा झाले. पण चौथीचे पाच जातील, ते नागपूरचे दोघे जातील आणि अंगणवाडीतून पहिलीला येणारी तीनच आहेत. पुढच्या वर्षी सोळा.’’ गावात मुलेच कमी जन्मत आहेत आणि जी आहेत त्यांतली काही पिवळ्या गाडीत बसत आहेत. एका वेलांटीने हे थांबणारे नाही, हे त्यांना माहीत आहे आणि मलाही.

वाचकहो, गोंदियाचा शिक्षणाचा इतिहास लिहायचा झाला, तर त्यात व्यापारी-उद्योजकांचा वाटा मोठा आहे. मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये गोंदिया शिक्षण संस्था उभी केली, तेव्हा या भागात माध्यमिक शाळांची वानवा होती. आपल्या समाजातील घरेही यथाशक्ती वह्या, दप्तरे, खोल्या देत आली आहेत. ते थांबवू नये. मात्र देण्यापूर्वी ‘‘मुले किती?’’ एवढेच विचारून थांबू नये, असे मला वाटू लागले आहे. हजर नसलेली तीन कोठे आहेत, न वाचणाऱ्या एकाचे कारण काय, कोणत्या मुलीचे नाव कोठे अडले आहे, हेही विचारावे. बहुतेक वेळा त्यासाठी पैसे लागत नाहीत, अर्धा दिवस आणि एक गाडी लागते. आपल्यात निवृत्त अकाउंटंट, कर सल्लागार, बँकवाले पुष्कळ आहेत. अर्ज भरण्यात आपले आयुष्य गेले. तेवढी विद्या तरी या शाळांच्या कामी यावी.

व्याह्यांनी या वर्षीची यादी मला पाठवली आहे. तीत शाळा तीच, दप्तरे सोळा. खाली त्यांनी हाताने लिहिले आहे: सोळांची नावे गुरुजींकडून मागवली आहेत.